१६५ सेंटिमीटर : फुटबॉलमधील थट्टा, भरतीची मोजपट्टी आणि बीडचा दुष्काळ

खेळाडूच्या शरीराकडे फुटबॉलच्या प्रेक्षकांइतके बारकाईने पाहणारे लोक क्वचितच असतील, आणि त्या शरीराची इतकी थट्टा करणारेही. लिओनेल मेस्सीला स्पॅनिश भाषेत ‘ला पुल्गा’, म्हणजे पिसू, हे नाव पडले. ब्राझीलच्या गारिंचाचे टोपणनाव एका चिमुकल्या पक्ष्यावरून आले. इंग्लंडचा पीटर क्राउच २.०१ मीटर उंच. तो निवृत्त झाला, पण त्याच्या उंचीवरचे विनोद निवृत्त झाले नाहीत. २०२२ मध्ये अर्जेंटिनाचा लिसान्द्रो मार्तिनेझ मँचेस्टर युनायटेडमध्ये आला, तेव्हा १.७५ मीटर उंचीचा बचावपटू इंग्लंडमध्ये टिकणार कसा, अशी खिल्ली समालोचकांपासून प्रेक्षकांपर्यंत सर्वांनी उडवली. त्याच वर्षी डिसेंबरात तो विश्वविजेत्या संघात होता.

हीच थट्टा वजनाचीही होते. ब्राझीलच्या रोनाल्डोच्या सुटलेल्या पोटावर कित्येक वर्षे विनोद झाले. १४ फेब्रुवारी २०११ रोजी निवृत्ती जाहीर करताना त्याने सांगितले की, चार वर्षांपूर्वीच आपल्याला थायरॉइडचा विकार असल्याचे कळले होते. त्यावरच्या औषधाने उत्तेजक चाचणीत अडकण्याची भीती असल्यामुळे ते घेता येत नव्हते. हसणाऱ्यांना त्या शरीरामागची ही हकिगत ठाऊक नव्हती.

हा धागा अशाच न दिसणाऱ्या हकिगतीचा आहे. एका खेळाडूची नव्हे, एका प्रदेशाच्या उंचीची.

मराठीलाही ही थट्टा परकी नाही. ताडमाड, लंबूटांग, ठेंगू, बुटका, टिंगू असे शब्द शाळेच्या मैदानावरच शिकले जातात. समजूत घालायला ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हणही तयार असते. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने खेळतात : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. ज्या मंडळांची ओळख आखाड्यातील शरीरांवरून झाली, त्यांचेच पाठीराखे शाहू स्टेडियमवर फुटबॉलसाठी गळा काढतात.

आखाडा आणि फुटबॉलचे मैदान यांत एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. ऑलिम्पिक कुस्तीत वजनगट असतात. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा किरकोळ बांधा पाहून त्यांना महाविद्यालयीन क्रीडास्पर्धेत घ्यायलाही सुरुवातीला नकार मिळाला होता. पुढे १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. लहान शरीराला लहान शरीराशीच झुंजायला मिळाले की थट्टेला वाव उरत नाही. फुटबॉलमध्ये पावणेदोन मीटरचा आणि दोन मीटरचा माणूस एकाच चेंडूसाठी उडी मारतात; म्हणून तिथे ती फोफावते.

आता शीर्षकातील आकडा. डिएगो मॅराडोना १६५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच. सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर यांचीही उंची तेवढीच सांगितली जाते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारासाठी किमान उंचीची अट आहे, तीही १६५ सेंमी. महिलांसाठी १५५. राज्य राखीव पोलीस दलासाठी १६८.

बीड जिल्ह्यातील गेवराईसारख्या तालुक्यात ही अट म्हणजे विनोदाचा विषय नाही. भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे रस्त्याच्या कडेने धावताना दिसणे, हे मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावाचे चित्र आहे. सोळाशे मीटर धावण्याचा वेळ सरावाने कमी करता येतो, गोळा सरावाने लांब जातो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला अर्धा सेंटिमीटर कमी पडला, तर तो कोणत्याही सरावाने भरून निघत नाही.

ही पट्टी नेमकी कुठे ठेवली आहे? जगातील दोनशे देशांच्या शंभर वर्षांतील उंचीचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९६ च्या सुमारास जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंमी, तर स्त्रियांची सुमारे १५३ सेंमी आहे. म्हणजे देशातील सर्व तरुणांना ही अट लावली, तर जवळजवळ निम्मे पुरुष आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया दारातच अडतात. शंभर वर्षांत भारतीय पुरुषांची उंची वाढली ती अवघी तीन सेंमीच्या आसपास, स्त्रियांची पाचच्या आसपास. त्याच काळात दक्षिण कोरियाच्या स्त्रिया सरासरीने २० सेंमी वाढल्या आणि इराणचे पुरुष १६.

थट्टा करणारा आणि भरतीची अट लिहिणारा, दोघांच्याही मनात एक समजूत असते : उंची जन्मजात असते, ज्याची त्याची असते. एका माणसापुरते पाहिले तर ती बरीचशी खरी आहे. उंच आईबापांची मुले उंच होतात. पण एका लोकसमूहाची सरासरी उंची पन्नास वर्षांत बदलते, तेव्हा तिचे कारण रक्तात सापडत नाही. ते ताटात, पाण्यात आणि आजारपणात सापडते.

मेस्सीचेच पाहा. १९८७ साली रोसारिओ येथे जन्मलेल्या या मुलाला वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असल्याचे दहा-अकरा वर्षांच्या वयात निदान झाले. रोज रात्री पायात इंजेक्शन घ्यावे लागे आणि खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. २००० च्या डिसेंबरात बार्सिलोना क्लबने त्याच्याशी कागदी रुमालावर करार केला आणि उपचाराचा भार उचलला. (तो रुमाल २०२४ मध्ये लिलावात साडेसात लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.) पिसू वाढला आणि १.७० मीटरवर थांबला.

या कथेत क्लबाचे औदार्य सर्वांना दिसते. काळाचा योग फारसा कोणी सांगत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हे संप्रेरक मृत व्यक्तींच्या पिट्युइटरी ग्रंथींतून काढले जाई आणि ते अत्यंत दुर्मीळ असे. त्यातून मेंदूचा एक प्राणघातक आजार पसरतो, हे लक्षात आल्यावर १९८५ मध्ये त्याचा वापर अमेरिकेत थांबला. त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयार केलेल्या संप्रेरकाला मान्यता मिळाली. मेस्सीचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला.

माणसाची वाढ वर्षानुवर्षे मोजण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील माँबेयार याने १७५९ ते १७७७ या काळात आपल्याच मुलाची उंची नियमाने मोजली आणि बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती नोंद छापली. मोठ्या प्रमाणावर मोजमाप आले ते सैन्यभरतीतून. १८२९ मध्ये व्हिलेर्मे या फ्रेंच डॉक्टरने सैन्यात बोलावलेल्या तरुणांच्या उंचीचे आकडे तपासून एक खळबळजनक गोष्ट दाखवली : ज्या भागांत सुबत्ता, तिथली माणसे उंच आणि लवकर वाढणारी, ज्या भागांत दारिद्र्य, तिथली बुटकी आणि उशिरा वाढणारी. उंचीचा इतिहास या विद्याशाखेचा हा आरंभबिंदू मानता येईल.

विसाव्या शतकात तिला भक्कम शास्त्रीय पाया दिला तो जेम्स टॅनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने. समाज आपल्या मुलांशी कसा वागतो, याचा आरसा म्हणजे त्या मुलांची वाढ, हे त्याच्या आयुष्यभराच्या संशोधनाचे सार. क्रीडाप्रेमींना हे नाव दुसऱ्या वाटेने ओळखीचे आहे. वय चोरणारे कनिष्ठ खेळाडू पकडण्यासाठी भारतात मनगटाच्या हाडांची जी ‘टीडब्ल्यू-३’ चाचणी होते, तिच्यातील ‘टी’ म्हणजे हाच टॅनर. एकाच वयाच्या दोन मुलांची हाडे वेगवेगळ्या वेगाने पिकतात, हे त्याने आकड्यांत मांडले. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे संघ चालवले, ते याच जाणिवेतून. चौदाव्या वर्षी ठेंगणा दिसणारा मुलगा निवडीतून कायमचा गळू नये म्हणून.

आज जगातील सर्वांत उंच पुरुष नेदरलँड्सचे, सरासरी सुमारे १८२ सेंमी. ‘डच म्हणजे उंच’ हे समीकरण फुटबॉलप्रेमींच्या डोक्यात पक्के आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात डच सैन्यात बोलावलेल्या तरुणांची सरासरी उंची होती सुमारे १६५ सेंमी. तोच आकडा! युरोपातील बुटक्या लोकांत त्यांची गणना होई. दीडशे वर्षांत त्यांचे पूर्वज बदलले नाहीत. दूध, वेतन, सांडपाण्याची व्यवस्था आणि बालकांचे आरोग्य बदलले. आणि २०२१ मध्ये तिथल्या सांख्यिकी खात्याने जाहीर केले की, २००१ साली जन्मलेली मुले १९८० च्या पिढीपेक्षा सरासरीने सेंटिमीटरभर बुटकी भरली. म्हणजे उंची उलट्या दिशेनेही जाते.

भारतात हीच मोजपट्टी वेगळ्या हेतूने आली. ब्रिटिशांनी सैन्यभरतीसाठी ‘लढाऊ वंश’ ही कल्पना रूढ केली आणि काही जाती, काही प्रदेश जन्मतःच सैनिकी ठरवले. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना या विचाराने जोर धरला. पिढ्यान्‌पिढ्या मुंबई लष्करात असलेल्या महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये याविरुद्ध अर्ज केले. त्याच काळात हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी मोजून जातींचा क्रम लावत होता. व्हिलेर्मेने शरीर मोजून दारिद्र्य शोधले. वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी शरीर मोजून वंश शोधला.

या परंपरेतून महाराष्ट्रात एक निराळी वाट निघाली. इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांची असमितता मोजून १९३० च्या सुमारास डॉक्टरेट घेऊन आल्या. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रातील अनेक समाजांतील माणसांची शरीरे मोजली. १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या शरीरमापनाचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर त्यांच्यासोबत दुसरे नाव होते वि. म. दांडेकर यांचे. हे नाव लक्षात ठेवावे; वीस वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

आता गेवराईकडे. उत्तरेला गोदावरी, पलीकडे पैठणचा प्रदेश. इतिहासाच्या वाचकांना हा तालुका ठाऊक असतो तो राक्षसभुवनामुळे : १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा इथे पराभव केला. त्या लढाईवर भरपूर लिहिले गेले आहे. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी या भागाने जे सोसले, त्यावर त्या मानाने फार थोडे.

निजामाच्या राज्यातील ‘भीर’ जिल्ह्याची लोकसंख्या १८८१ मध्ये साडेपाच लाखांच्या पुढे होती. १८९१ मध्ये ती सुमारे ६ लाख ४२ हजार झाली. १९०१ च्या जनगणनेत ती सुमारे ४ लाख ९२ हजार भरली. दहा वर्षांत दीड लाख माणसे कमी. मधल्या काळात १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ पडले. सर्वच दीड लाख मेले असे नव्हे. अनेक जण परागंदा झाले, अनेक बालके जन्मलीच नाहीत. तरीही दर चार माणसांमागे जवळजवळ एक नाहीसे झालेले दिसते, हा आकडा कोणत्याही रणसंग्रामाला लाजवील.

जनगणनेच्या तक्त्यात वाचलेल्यांची संख्या आहे, त्यांची उंची नाही. पण १९०० साली वर्ष-दोन वर्षांच्या असलेल्या आणि जगलेल्या मुलींच्या शरीरात काय घडले असेल, हे आजचे वाढीचे शास्त्र सांगू शकते. बाळ पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंमी वाढते, दुसऱ्या वर्षात सुमारे १२. या काळात अन्न तुटले, जुलाब-ताप लागोपाठ आले, तर शरीर आधी जीव वाचवते. हाडांची वाढ मागे पडते. पुढे सुकाळ आला तर काही भरपाई होते, पूर्ण होत नाही. आणि बुटक्या, अशक्त राहिलेल्या मुलीला पुढे मूल होते तेव्हा तिच्या गर्भाशयातले ते मूलही लहान राहण्याची शक्यता वाढते. एक दुष्काळ एकाच पिढीत संपत नाही, तो असा.

वि. म. दांडेकर आता पुन्हा येतात. १९७१ मध्ये त्यांनी नीळकंठ रथ यांच्यासह ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दररोज २२५० कॅलरी मिळण्यास जितका खर्च लागतो, ती दारिद्र्याची रेषा, अशी मांडणी त्यांनी केली. १९६०-६१ च्या किमतींनी ग्रामीण भागात महिना १५ रुपये, शहरी भागात साडेबावीस. ग्रामीण जनतेपैकी ४० टक्के आणि शहरी जनतेपैकी ५० टक्के लोक या रेषेखाली होते. एकेकाळी शरीरमापनाचे आकडे जुळवणारा संख्याशास्त्रज्ञ आता ताटातले अन्न मोजू लागला होता.

पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ आला. बीडच्या वृद्धांना आजही त्या वर्षाची चव आठवते : परदेशातून आलेला लालसर मिलो, दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी, फोडलेली खडी. रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पसरली. १९०० प्रमाणे माणसे मेली नाहीत, हे त्या पिढीचे आणि त्या व्यवस्थेचे मोठे यश. मात्र मरणातून वाचणे आणि पुरेसे वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातील अंतरावर पुढील दशकात पुण्यात वाद पेटला.

वादाच्या एका बाजूला होते डॉ. पां. वा. सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत वीस वर्षे सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर पुण्यात परतून त्यांनी सरासरी कॅलरींच्या हिशेबावरच घाव घातला. त्यांचे म्हणणे असे : एकाच निरोगी माणसाचा आहार दररोज, दर आठवड्याला कमीजास्त होत असतो आणि शरीर ठरावीक मर्यादेत त्याच्याशी जुळवून घेते. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी नसतो. म्हणून दांडेकरांची रेषा भुकेलेल्यांची संख्या फुगवते. दांडेकरांनी त्याला तितकेच खणखणीत उत्तर दिले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ची पाने या दोन पुणेकरांच्या वादाने भरली.

सुखात्मे यांनी आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली, आणि तिच्याबद्दल त्यांना श्रेय द्यायलाच हवे : स्वच्छ पाणी आणि शौचव्यवस्था नसेल, तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. आजचे बालपोषणाचे संशोधन या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने आहे.

१९८२ मध्ये त्यांनी संपादित केलेला एक ग्रंथ पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने प्रसिद्ध केला. त्यात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा लेख होता. शीर्षकातील शब्द जगभर गाजले : ‘लहान, पण निरोगी’. सेक्लरचे प्रतिपादन असे की, सौम्य वा मध्यम कुपोषित म्हणून मोजली जाणारी बहुतेक मुले आजारी नसतात. कमी अन्नाच्या परिस्थितीशी जुळवून घेऊन त्यांचे शरीर लहान राहिलेले असते, आणि या लहानपणाची त्यांना काही किंमत मोजावी लागत नाही. मदत खरोखर तीव्र कुपोषितांवर केंद्रित करावी.

वरवर पाहता हा विचार दयाळू वाटतो. बुटक्या माणसाला रोगी ठरवू नका, असे तो म्हणतो. ‘मूर्ती लहान’ या म्हणीचाच हा विद्यापीठीय अवतार. पण सरकारी हिशेबात त्याचा अर्थ भयंकर होता. उंची खुंटलेल्या कोट्यवधी मुलांना ‘जुळवून घेतलेली’ म्हटले की त्यांच्यावरचा खर्च एका वाक्यात वाचतो.

डॉ. सी. गोपालन यांनी हा धोका ओळखला. भारतीय पोषणशास्त्राचे ते अध्वर्यू. १९८३ मध्ये त्यांनी लिहिलेल्या उत्तराच्या शीर्षकातच प्रश्न होता : लहान म्हणजे निरोगी, हे फक्त गरिबांसाठी का, श्रीमंतांसाठी का नाही? त्यांचा युक्तिवाद सरळ होता. सुखवस्तू भारतीय घरांतील मुले पाश्चात्त्य मुलांच्या जवळपास वाढतात. मग गरिबांच्या मुलांची वाढ खुंटते ती वंशामुळे नव्हे. ज्या वंचनेने उंची खुंटते, तीच वंचना प्रतिकारशक्तीवर, शिकण्यावर आणि पुढे कष्ट करण्याच्या क्षमतेवर घाला घालते. बुटकेपणा हा स्वतः रोग नसेल. पण तो ज्या बालपणाची खूण आहे, ते बालपण निरोगी नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणच्या मुलांची वाढ मोजली, त्यातून या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले. ब्राझीलचे पेलोटास, घानाचे आक्रा, दक्षिण दिल्ली, ऑस्लो, ओमानचे मस्कत आणि अमेरिकेतील डेव्हिस. निवडलेली मुले पुरेसे अन्न, स्तनपान आणि चांगले आरोग्य मिळणारी होती. पहिल्या पाच वर्षांत त्यांची उंची जवळजवळ एकसारखी वाढली. दिल्लीचे बाळ आणि नॉर्वेचे बाळ यांत जो थोडा फरक होता, त्याहून कितीतरी मोठा फरक एकाच गावातील दोन बाळांत होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली वाढीची मानके याच अभ्यासावर उभी आहेत. वाद तरीही संपला असे नाही. भारतीयांची आनुवंशिक क्षमताच कमी असल्याचे प्रतिपादन अरविंद पानगरिया यांनी २०१३ मध्ये पुन्हा केले आणि त्याला पुन्हा उत्तरेही आली.

दरम्यान, लहानपणाची किंमत कशी मोजावी लागते याचा एक अनपेक्षित पुरावा पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून आला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तिथे १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. सर्वच अवयव लहान असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान, पण त्वचेखालची चरबी जवळजवळ तेवढीच निघाली. अशा शरीराला पुढे भरपूर खायला मिळाले तर मधुमेहाचा धोका वाढतो. ‘लहान, पण निरोगी’ या सूत्राला पुणे जिल्ह्यातूनच मिळालेले हे उत्तर.

मोठेपणी बदलते ते वजन, कस, दम, उंची नव्हे. बीड जिल्ह्याच्याच आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे याचे उदाहरण इथे बोलके आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात पाच महार पलटणीत दाखल झाला, सियाचीनला राहिला, मग धावण्याकडे वळला. एका टप्प्यावर वाढलेले वजन त्याने सुमारे २० किलोंनी घटवले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जिद्दीने वीस किलो उतरवता येतात. जिद्दीने एक सेंटिमीटरही चढवता येत नाही, आणि भरतीच्या मैदानावर पहिली तपासणी त्याच सेंटिमीटरची होते.

उंची वाढवणे शक्य असते ते फार आधी, आणि महाराष्ट्राने ते करूनही दाखवले आहे. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले; त्याचे मुख्यालय औरंगाबादेत, म्हणजे गेवराईपासून काही तासांच्या अंतरावर होते. गर्भारपण आणि पहिली दोन वर्षे यांवर त्याचा भर होता. दोन वर्षांखालील उंची खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते; २०१२ च्या सर्वेक्षणात ते सुमारे २३ टक्क्यांवर आले. इतकी घट इतक्या कमी वर्षांत जगात फार थोड्या प्रदेशांनी साधली आहे. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके अजूनही खुंटलेलीच आढळली, आणि त्याआधीच्या पाच वर्षांत तर काहीच सुधारणा झालेली नव्हती.

गेवराई तालुक्यातून आता जायकवाडीचा उजवा कालवा वाहतो. तरीही दिवाळी सरली की इथल्या वस्त्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे एकेक ‘कोयता’, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या उसाच्या फडाकडे निघतात. सोबत तान्ही बाळे असतात. मोठी मुले आजीजवळ मागे ठेवता येतात; अंगावर पिणारे बाळ ठेवता येत नाही. पाचटाची कोपी, पहाटेची तोड, मिळेल तिथले पाणी, गावच्या अंगणवाडीपासून शेकडो किलोमीटरचे अंतर. हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. पाऊसकाळात जन्मलेले बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत असे दोन हंगाम फडावर काढते, आणि ज्या ३७ सेंटिमीटरांची वाढ त्या दोन वर्षांत व्हायची असते, तिच्यातली जवळजवळ निम्मी त्या कोपीत व्हायची असते.